चर्चचं महिला मंडळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना, त्यातही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. 'मंडळी' म्हणजे संपूर्ण चर्च आणि 'मंडळ' म्हणजे त्यातलं महिला मंडळ, असा शब्दांचा वापर पुढे सगळीकडे केला आहे.

लग्न होऊन या गावात आले. माहेरच्या मंडळीतून माझं पत्र अजून आलेलं नाही. मंडळात येऊ का?

या. बसायला, गायला, प्रार्थनेला कसलंही पत्र लागत नाही. निवडणुकीत मत द्यायला आणि पदावर उभं राहायला मात्र मंडळीच्या नोंदवहीत नाव असावं लागतं. त्यासाठी माहेरच्या पाळकांकडून सभासदत्वाच्या बदलीचं पत्र मागवा. ते महिनोन् महिने न येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : पत्र मागितलंच तोंडी, रविवारी दारात, गर्दीत. दोन ओळींचा लेखी अर्ज द्या, त्यात बाप्तिस्मा आणि दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तारीख लिहा, काम लवकर होतं.

शेजारच्या हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान बायका गाण्यांसाठी येऊन बसतात, त्यांनाही मज्जाव नाही. फक्त त्यांना उभं करून 'ओळख करून द्या' म्हणू नका. पुढच्या वेळी त्या येत नाहीत.

सासरच्या मंडळीत पद्धत वेगळी, माहेरी वेगळी. बरोबर कोणती?

दोन्ही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, तीच मुळी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन. अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये मदर्स युनियनचा वारसा असतो. ती संघटना मेरी समनर यांनी १८७६ साली इंग्लंडमध्ये सुरू केली. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचं वळण आहे, कोल्हापूर-मिरजेकडे प्रेसबिटेरियन. कुठे बायका छापील प्रार्थना म्हणतात, कुठे एकेक जण मनातलं बोलते. संपूर्ण चर्चच्या पातळीवर महिला संघटनेचं नाव 'विमेन्स फेलोशिप फॉर ख्रिश्चन सर्व्हिस' असं लांबलचक आहे. गावात मात्र सगळ्याजणी 'मंडळ'च म्हणतात.

म्हणजे हे मिशनरी मडमांनी सुरू केलेलंच काम ना?

अर्धं खरं. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शिक्षणाचं काम केलं, हे खरंच. पण घराघरांत शिरून, माजघरात बसून बायकांना अक्षरओळख आणि सुवार्ता दिली ती इथल्याच मराठी बायबल स्त्रियांनी. जिथे परक्या पुरुषाला ओसरीच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे त्या चालत जात. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, तेव्हाही दैनंदिन काम बायकांच्याच हातात होतं. आजच्या मंडळाच्या गृहभेटी या बायबल स्त्रियांच्या वाटेनेच चालतात.

सभा किती वेळाची असावी आणि क्रम काय ठेवावा?

दीड तास पुरे. दोन गीतं आणि प्रारंभीची प्रार्थना पंधरा मिनिटं, शास्त्रपाठ आणि मनन पंचवीस, कामकाज पंधरा, प्रार्थना-विनंत्या आणि मध्यस्थीची प्रार्थना पंचवीस, मग दानार्पण, प्रभूची प्रार्थना आणि चहा. कामकाज चहानंतर ठेवू नका. कप हातात आला की ठराव होत नाहीत, निम्म्या बायका निघून गेलेल्या असतात आणि पुढच्या महिन्यात 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' हे ऐकावं लागतं.

मनन म्हणजे प्रवचन नव्हे. एक उतारा, दोनदा वाचन, तीन प्रश्न : इथे कोण काय करतं, हे आपल्या घरात कसं दिसतं, या आठवड्यात काय करू. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी दुसऱ्या वाचनानंतर तो उतारा आपल्या शब्दांत सांगावा. लक्ष देऊन ऐकलेलं असल्यामुळे त्या बहुधा सगळ्यात नेमकं सांगतात.

मनन कोण घेणार याची यादी तीन महिन्यांची आधीच लावा आणि प्रत्येक नावापुढे बदली नाव लिहा. बदली नाव नसलं की ऐनवेळी पाळकसाहेबांना फोन जातो आणि मंडळाची सभा पुन्हा एक उपासना होऊन बसते.

प्रार्थना-विनंत्यांतून घरोघरच्या गोष्टी बाहेर फुटतात. काय करावं?

मंडळं फुटतात ती पैशांपेक्षा याच कारणाने. दुसऱ्याच्या घरची विनंती त्या माणसाला विचारल्याशिवाय मांडायची नाही, हे सरळ नियम म्हणून ठरवा. विनंतीत नाव पुरेसं असतं, कारण सांगायची गरज नसते : 'सुनंदाताईंच्या घरासाठी' एवढं देवाला कळतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजाराचं नाव, रिपोर्टचा फोटो, मुलीच्या लग्नाच्या बोलणीची बातमी टाकायची नाही. ग्रुप फक्त सभेची वेळ, मयत आणि तातडीच्या रक्तदानासाठी ठेवा.

घरात मारहाण होत असेल तर ती गोष्ट उघड सभेत येताच कामा नये. त्यासाठी दोन जाणत्या बायका आधीच नेमून ठेवा आणि सगळ्यांना त्यांची नावं माहीत असू द्या. त्यांनी ऐकायचं, विश्वास ठेवायचा आणि महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२ आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता हाताशी ठेवायचा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचाही हक्क आहे. 'सोसून घे, प्रार्थना कर' म्हणून तिला परत पाठवणं ही सेवा नाही.

घरोघरी सभा घेतो, पण चहापाण्याची चढाओढ लागली आहे.

एक खारा पदार्थ आणि चहा, बस, असा ठराव करा आणि पदाधिकाऱ्यांनी आपल्या घरी तो आधी पाळावा. ज्या घरी दोन भाज्या आणि गोड झालं, त्याच्या पुढचं घर 'आमच्याकडे अडचण आहे' म्हणतं आणि सभा हळूहळू चार सधन घरांत फिरू लागते.

पन्नास जणींच्या चहासाठी (लहान कप) अडीच लिटर दूध, अडीच लिटर पाणी, साधारण ४५० ग्रॅम साखर आणि १२५ ग्रॅम चहापत्ती. आलं पाण्यातच उकळा. दुधात कच्चं आलं टाकलं की दूध नासण्याचा धोका असतो. मधुमेहाच्या बायकांचा चहा साखर घालण्याआधी वेगळा काढा, 'कमी साखरेचा' म्हणून नंतर पाणी घालू नका.

वर्गणी आणि दानाचा हिशोब कसा ठेवावा?

दान त्याच जागी, सभा उठण्याआधी, दोघींनी मोजायचं आणि चिठ्ठीवर दोघींनी सही करायची. खजिनदाराने ती चिठ्ठी रोजकीर्द वहीत चिकटवायची. घरी नेऊन मोजलेले पैसे कितीही बरोबर असले तरी शंका राहते, आणि ती खजिनदारालाच सोसावी लागते.

बँकेचं खातं दोन बायकांच्या व्यक्तिगत संयुक्त नावावर काढणं ही सर्रास होणारी चूक. व्याज त्यांच्या पॅनवर लागतं, एक बाई वारली तर पैसे अडकतात, आणि वारसांना हे मंडळाचे आहेत हे पटवावं लागतं. मंडळ स्वतंत्रपणे नोंदलेलं नसतं. मंडळीची मालमत्ता ज्या ट्रस्टकडे आहे तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. म्हणून मंडळीच्याच खात्याअंतर्गत मंडळासाठी वेगळं खातं किंवा खातेवहीत वेगळं पान ठेवा, सह्या दोन, आणि त्या दोघी नात्यातल्या नसाव्यात. सासू अध्यक्ष आणि सून खजिनदार, असं कितीतरी ठिकाणी असतं. प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, पण टाळाच.

फोनपे, गुगल पेवर वर्गणी घेत असाल तर खजिनदाराच्या खात्यात आलेली रक्कम आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी मंडळीच्या खात्यात वळती करा. महिनाभर साठवली की कोणते पैसे किराण्याचे आणि कोणते वर्गणीचे हे कुणालाच सांगता येत नाही.

'अल्पतम नाणं' म्हणजे काय? त्यात शंभर रुपये टाकले तर चालेल का?

नाही, आणि का नाही हेच त्यातलं मुख्य आहे. १९५६ साली शांती सॉलोमन या भारतीय ख्रिस्ती महिला आशियातल्या देशांच्या दौऱ्यावर निघालेल्या स्त्रियांच्या गटात होत्या. त्यांना कोरियाचा व्हिसा मिळाला नाही. बाकीच्या पुढे गेल्या, त्या मनिलात थांबल्या. युद्धाने पोळलेल्या देशांतल्या बायकांना सीमा आणि व्हिसा ओलांडून एकत्र काय करता येईल, या विचारातून ही कल्पना आली : जिने आपल्याला दुखावलं तिच्यासाठी प्रार्थना करायची, आणि दर प्रार्थनेला आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवायचं. जमलेल्या निधीतून जगभरातल्या स्त्रियांच्या कामांना मदत जाते.

नाणं सगळ्यात लहान असल्यामुळे मोलकरीण आणि मालकीण एकाच रांगेत येतात. लूकच्या शुभवर्तमानातल्या विधवेच्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) आठवा. सभेच्या दिवशी एकदम पाचशेची नोट टाकली तर ते दान झालं, पण अल्पतम नाणं झालं नाही. ती नोट वेगळ्या पाकिटात घ्या.

आपल्याकडे २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. ५० पैसे कायद्याने चालतात, पण दुकानदार घेत नाही, म्हणून व्यवहारात एक रुपया. प्रत्येकीने घरी झाकणाला फट पाडलेला डबा ठेवावा. वर्षातून एकदा गोळा करताना नावं लिहू नका, एकूण रक्कम तेवढी लिहा. नावं लिहिली की 'हिचे इतके, तिचे तितके' सुरू होतं, आणि ज्या भांडणांसाठी प्रार्थना करायची त्यात एकाची भर पडते. नाणी दहा-दहाच्या चळतीत मोजा. बँकेत रांग लावण्याआधी दूधवाल्याला किंवा किराणा दुकानदाराला विचारा, सुट्ट्यासाठी ते खुशीने बदलून देतात. रक्कम पुढे धर्मप्रांताच्या (डायोसीसच्या) महिला संघटनेमार्फतच पाठवा.

मूठभर धान्याची पद्धत आमच्याकडे सुरू करता येईल?

येईल. मिझोरामच्या प्रेसबिटेरियन बायका याला 'बुहफाइ थाम' म्हणतात. प्रत्येक स्वयंपाकाला एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि चर्चला द्यायचा. १९१० पासून चालत आलेल्या या मुठीवर तिथलं मोठं मिशनकार्य उभं राहिलं आहे.

एका बाईची मूठ साधारण ३५ ते ४० ग्रॅम धरली तर दोन वेळच्या हिशोबाने महिन्याला दोन किलोच्या आसपास तांदूळ होतो. वीस घरं म्हणजे चाळीस किलो. अडचण येते ती मिसळीत : कुणाचा कोलम, कुणाचा इंद्रायणी, कुणाचा रेशनचा. नवा-जुना तांदूळ एकत्र शिजवला की अर्धा गिचका, अर्धा कच्चा. म्हणून तीन वेगळी पिंपं ठेवा. गहू, ज्वारी घेणार असाल तर ते आधीच जाहीर करा. पावसाळ्यात दर महिन्याला वाटून टाका. वाळलेला कडुलिंबाचा पाला घातला तरी दोन महिने पडून राहिलेल्या धान्यात सोंडे होतातच.

जागतिक प्रार्थना दिनाची तयारी कधीपासून?

हा दिवस मार्चचा पहिला शुक्रवार. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनाक्रम लिहितात आणि जगभर तोच वापरला जातो. २०२५ साठी कुक बेटांच्या स्त्रियांनी लिहिला, २०२६ साठी नायजेरियाच्या. माहिती घेऊन प्रार्थना आणि प्रार्थनेतून कृती हे ब्रीद असल्यामुळे त्या देशाबद्दल वाचल्याशिवाय नुसता क्रम वाचून दाखवण्यात अर्थ नाही.

जानेवारीत मराठी क्रम हातात पडायला हवा. पडला की लगेच एकदा मोठ्याने वाचा. भाषांतर अवघड असेल तर वाचणारीच्या तोंडात बसेल असं करून घ्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वाचनं वाटून द्या, दोन तालमी घ्या. चाली परक्या असल्या तर एखादं गीत मूळ चालीवर शिका, बाकीची आपली घ्या. ढोलकी आणि हार्मोनियमवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणणाऱ्या बायकांना कागदावरच्या स्वरलिपीत अडकवून ठेवू नका. शुक्रवारी नोकरीच्या बायकांना दुपारी येता येत नाही, म्हणून वेळ संध्याकाळी साडेसहाची. त्या दिवशीचं दान ठरलेल्या कामासाठीच जातं, ते मंडळाच्या नेहमीच्या खर्चात वळवू नका.

आजारी माणसाला भेटायला किती जणींनी जावं?

दोघी, फार तर तिघी. दहा-पंधरा मिनिटं. एक लहानसं वचन, एक गीताचं कडवं, प्रार्थना, संपलं. जाण्याआधी फोन करा. खाण्याचं काही नेण्याआधी विचारा. किडनीच्या रुग्णाला शहाळं आणि मधुमेहाच्या रुग्णाला केळी नेणाऱ्या प्रेमळ भेटी घरच्यांना महाग पडतात. दवाखान्यात मोठ्याने गाऊ नका, शेजारच्या खाटेवरही कुणी आहे. 'अमकीला हेच झालं होतं, ती गेली' हे वाक्य तर आयुष्यातूनच काढून टाका.

आणि एक अगदी स्पष्ट : प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करा, असं कुणीही, कुणालाही सांगायचं नाही.

मयताच्या घरी मंडळाचं काम काय?

पाणी, चहा, साधं जेवण आणि स्वयंपाकघराचा ताबा. घरच्या बायकांना त्या दिवशी चुलीपाशी जावं लागू नये. पन्नास माणसांना मुगाच्या खिचडीसाठी साडेतीन किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ पुरते, कारण अशा वेळी माणसं कमी खातात. सोबत ताक किंवा लोणचं. पुढचे सात दिवस डब्यांची पाळी लावा. पहिल्या दोन दिवशी डब्यांचा ढीग येतो, पाचव्या दिवशी कुणी फिरकत नाही. पाळी लावायची ती खरं तर पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवसासाठी.

जुने कपडे गोळा करून वाटावेत का?

शक्यतो नको. आलेल्या कपड्यांतले बरेच तुटक्या चेनचे, डागाळलेले असतात आणि ते निवडण्यात मंडळाचे दोन शनिवार जातात. त्यापेक्षा जुन्या सुती साड्या मागा आणि गोधड्या शिवा. बायबलमधली यापो गावची दुर्कस विधवांसाठी कपडे शिवत असे. हे काम त्याच जातीचं.

एका मोठ्या गोधडीला चार-पाच साड्या लागतात : दोन वर-खाली, बाकीच्या आत. नायलॉन आणि सिंथेटिक साडी घेऊ नका, ती आत घसरते आणि ऊबही देत नाही. सगळ्या साड्या आधी धुवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात एखादी आटते आणि गोधडी वळते. जमिनीवर थर ताणून पसरा, चारी कडांना वजन ठेवा, मग हातभर अंतरावर कच्चे टाके घाला. हे टाळलं की आतली कापडं गोळा होतात. धावदोरा कडेकडून मध्याकडे घाला, ओळी दोन बोटांच्या अंतरावर. नोव्हेंबरअखेर तयार झाल्या तर थंडीत उपयोगी पडतात. नाताळच्या कार्यक्रमात वाटायच्या म्हणून अडवून ठेवू नका.

नाताळच्या फराळाची विक्री तोट्यात का जाते?

किंमत ठरवताना फक्त मैदा, साखर, तूप धरलं जातं. गॅस, तळून उरलेलं तेल, पिशव्या आणि फुटका माल धरला जात नाही. एक किलो मैदा, तीनशे ग्रॅम साखर, पाव किलो तूप आणि पाव लिटर दुधात साधारण दीड ते पावणेदोन किलो शंकरपाळी होते. आधी एक घाणा नव्हे, एकच शंकरपाळी तळून पाहा. तेलात विरघळली तर तूप जास्त झालंय, थोडा मैदा मळून घ्या. करंज्या मऊ पडतात त्या गरम असतानाच डब्यात भरल्यामुळे.

ऑर्डर आणि निम्मे पैसे आधी घ्या. दरवर्षी विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि पाकिटावर बनवल्याची तारीख लिहा.

अमेरिकेतल्या भाचीला मंडळाला पैसे पाठवायचे आहेत.

आधी तिचं नागरिकत्व विचारा. ती भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान मानलं जात नाही. परदेशी नागरिक झाली असेल तर विदेशी योगदान कायदा लागू होतो : ज्या संस्थेची नोंदणी आहे तिलाच, आणि तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच पैसे घेता येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदलेल्या संस्थेला ते दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. 'माझ्या खात्यावर पाठव, मी मंडळात देते' ही पळवाट काढू नका. मंडळीच्या खजिनदाराला विचारा.

मंडळातच बचत गट चालवला तर?

बायका त्याच असल्या तरी वही, खातं आणि बैठक वेगळी ठेवा. गटात दहा ते वीस जणी, नियमित बचत, अंतर्गत कर्ज आणि वेळेवर परतफेड लागते. मंडळात परतफेडीची भाषा आली की हप्ता थकलेली बाई प्रार्थनेलाही येणं सोडते.

मदत करताना सुवार्ता सांगावी की नाही?

किराण्याची पिशवी, शाळेच्या वह्या, गोधडी देताना प्रार्थनेला बसण्याची अट घालायची नाही, पत्रक पिशवीत सरकवायचं नाही, फोटो काढायचा नाही. गरजू माणूस 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून त्याचं 'हो' खरं नसतं. कुणी आपणहून विचारलं तर मोकळेपणाने सांगा. यादी करताना धर्म विचारू नका. विधवा, एकटी राहणारी म्हातारी, हंगामी ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं असे निकष ठेवा.

तरुण मुली येत नाहीत.

सभा दुपारी तीनला असते, हे पहिलं कारण. महिन्यातून एक सभा रविवारी उपासनेनंतर ठेवा. त्यांना पाहुणचाराला नव्हे, हिशोबाला आणि कार्यक्रम ठरवायला बसवा. 'लग्नाचं काय?' हा प्रश्न सभेत बंद.

अध्यक्षपद पाळकांच्या पत्नीकडेच असावं का?

अनेक ठिकाणी तशी रीत आहे. पण पाळकांची बदली झाली की अध्यक्षही जातात आणि काम अर्धवट राहतं. त्यांना मानाचं स्थान द्या, कार्याध्यक्ष निवडून घ्या. पाळकांच्या पत्नीला नोकरी असू शकते, हेही लक्षात असू द्या.

पदाधिकारी बदलताना काय काय सोपवायचं?

रोजकीर्द, पावतीपुस्तकं (वापरलेली आणि कोरी), इतिवृत्ताची वही, बँकेचं पासबुक आणि सह्या बदलण्याचा अर्ज, अल्पतम नाण्याची मागच्या वर्षीची पोचपावती, धान्याच्या पिंपांच्या किल्ल्या, आणि मोठी पातेली कुणाकुणाच्या घरी आहेत त्याची यादी. यादी दोन प्रतींत करा, दोन्हींवर जुन्या आणि नव्या चिटणिसाची सही घ्या, एक प्रत मंडळीच्या कार्यालयात द्या. पातेल्यांवर मंडळाचं नाव कोरून घ्या, रंगाने लिहिलेलं पहिल्या घासणीत निघून जातं.